टीव्हीतला फट् आणि केदारीभाऊ

केदारीभाऊंनी मला जेवढा वैताग दिला तेवढा माझ्या वर्गातल्या साठ मुलांनी मिळून दिला नसेल. हे आधीच सांगून टाकतो. जुन्या माणसांवर लिहायला बसलं की लेखणी आपोआप गोड व्हायला लागते, आणि या माणसाच्या बाबतीत मला ते होऊ द्यायचं नाही. निदान सुरुवातीला तरी नाही.

केदारीभाऊ रेल्वेत सिग्नल फिटर होते. घाटातल्या सिग्नलांच्या तारा, खटके, बॅटऱ्या यांत त्यांची तीस वर्षं गेली. गाव पवनेच्या काठचं. ते धरणात गेलं तेव्हा घरचे सगळे पवनानगरला राहायला गेले, हे मात्र लोणावळ्यात स्टेशनामागच्या एका खोलीत एकटेच राहिले. अंगानं काटकुळे, कानांवर पांढऱ्या केसांचे झुबके, खिशात साखळीचं घड्याळ. रेडिओ दुरुस्त करायचा नाद होता. बिघडलेला रेडिओ त्यांच्याकडे नेला की तो बरा होऊन परत यायचा, याबद्दल गावात दुमत नव्हतं. तो कधी परत येईल याबद्दल मात्र कुणी काही बोलत नसे.

कारण हा गृहस्थ आधी ऐकत बसायचा. स्क्रू-ड्रायव्हरला हात लावायचा नाही. तुम्ही समोर हातावर हात चोळत उभे, आणि हे मान एका बाजूला कलती करून, डोळे मिटून बसलेले. समोर ठेवलेल्या चहावर साय धरायची. मग ती साय बोटानं बाजूला सारून तो गार चहा प्यायचा आणि म्हणायचं, "खोलायला अक्कल लागत न्हाई मास्तर. आदी ऐकू."

त्यांची माझी ओळख झाली ती आमच्या शाळेच्या बक्षीस समारंभात. पाहुणे पुण्याहून आलेले कुणी निवृत्त अधिकारी होते. त्यांचं भाषण सुरू झालं आणि लाउडस्पीकर मधूनच फट् करायला लागला. मुलं खिदळायला लागली. हेडमास्तरांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच स्पीकरमध्ये बसलोय. केदारीभाऊंना निरोप गेला, ते आले, आणि स्टेजखाली मांडी घालून डोळे मिटून बसले. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मी वाकून कानात म्हटलं, "भाऊ, काहीतरी करा."

"करतोय की."

"काय करताय?"

"ऐकतोय."

पंधरा मिनिटांनी ते उठले, हात जोडून स्टेजवर गेले, पाण्याच्या तांब्यासकट पाहुण्यांसमोरचं टेबल वीतभर सरकवलं आणि खाली आले. आवाज बंद. समारंभानंतर हेडमास्तरांनी सगळ्यांसमोर विचारलं, तर म्हणाले, "वायर जुनी हाय. तिचा दोष."

वायर जुनी. गेल्याच आठवड्यात मी स्वतः बाजारातून आणलेली वायर. हेडमास्तर मला सगळ्यांदेखत बोलले. नंतर मी टेबलाखाली पाहिलं तेव्हा उलगडा झाला. वायर टेबलाच्या पायाखाली येऊन चेपली होती, आणि पाहुणे शिस्तीचा मुद्दा आला की टेबलावर मूठ आपटत होते. मी भाऊंना रस्त्यात गाठलं आणि म्हटलं, "तसं सांगायचं होतं ना मग."

"कशापायी? आवाज थांबला न्हवं?"

"अहो, बोलणी मी खाल्ली."

"तुमी हितलंच हाय. पावनं परत जायचं व्हतं," असं म्हणून ते चालायला लागले.

तर असा हा माणूस, आणि याच माणसाला मी पुढे आपण होऊन घरी बोलावलं.

पुण्याचं टीव्ही केंद्र सुरू झालं त्याच्या पुढच्या वर्षी आम्ही टीव्ही घेतला. आम्ही एका जुन्या बंगल्याच्या आउटहाउसमध्ये भाड्यानं राहत होतो. घराला लाकडी जमीन होती, कुणी चाललं की कपबशा किणकिणायच्या. घरात मी, माझी बायको सुमन, दोन मुली आणि माझी आई. आईचे डोळे काचबिंदूनं गेले होते. आंधळ्या म्हातारीच्या घरात टीव्ही कशाला, असं बोलणारे बोलले. पण आमच्या घरात टीव्हीचं सगळ्यात वेड कुणाला लागलं असेल तर ते आईला. नाटक असलं की ती पदर सावरून अर्धा तास आधी खुर्चीत. बातम्या देणाऱ्या बाईंना सर्दी झाली तर आम्हाला कळायचं नाही, हिला कळायचं. दिवसभरात आम्हा सगळ्यांबरोबर ती बसायची ती तेवढाच वेळ. एरवी तिला घरात काही काम उरलं नव्हतं. एकदा हात भाजला तेव्हापासून सुमननं तिला स्वयंपाकघरात येऊ देणं बंद केलं होतं. दळण, निवडणं, एकेक करत सगळंच सुटलं होतं.

एक काम तेवढं होतं, दिव्यांचं. लोणावळ्याचा पावसाळा ज्यानं काढलाय त्याला हे सांगायला नको. ज्येष्ठ सरला की आमच्याकडे घरोघरी कपाटांत दिवे लागतात. बारका बल्ब होल्डरला लावून आत सोडायचा आणि दार लोटून घ्यायचं. नाहीतर चपलांपासून रजयांपर्यंत सगळ्यावर पांढरी बुरशी. आमच्या घरचं हे खातं आईकडे. कुठला दिवा कुठे, कधी लावायचा, बल्ब गेला की कसा बदलायचा, सगळं ती हातानं चाचपून करायची. दारावर तळवा ठेवून आत ऊब आहे की नाही ते बघायची. घरात ज्या ज्या लाकडी दाराआड ओल धरेल, तिथे तिथे आईचा दिवा असायचा. सुमनसुद्धा त्यात लुडबुड करत नसे.

त्या आषाढात टीव्ही फट् करायला लागला. चित्रावर एक पांढरी रेघ सरकायची आणि फट्. कधी दहा मिनिटांत एकदा, कधी लागोपाठ तीनदा. आम्हाला रेघ दिसायची, त्यामुळे निदान पुढचा आवाज कळायचा. आईला काहीच कळायचं नाही. तो आवाज थेट तिच्या अंगावर यायचा. ती एवढी दचकायची की एकदा गरम चहा हातावर सांडला. तिसऱ्या दिवशी नाटक रंगात आलेलं असताना ती काठी घेऊन उठली आणि म्हणाली, "तुम्ही बघा. मी आत बसते."

मग रोज तेच सुरू झालं. आम्ही चौघं बाहेर, आणि ती आतल्या खोलीत, दिवा न लावता. तिला दिवा असला काय नि नसला काय. पण मला तो अंधार दिसायचा. कितीही गमतीचा कार्यक्रम असला तरी माझं लक्ष त्या दाराकडे. हा आवाज थांबला नाही तर आई कायमची आत बसणार, हे मला दिसत होतं. एकदा माणूस असा आत बसला की त्याला पुन्हा बाहेर काढणं कठीण असतं.

म्हणून मी केदारीभाऊंना बोलावलं. ते नुकतेच रिटायर झाले होते. बाजारातल्या टीव्हीच्या दुकानदारानं दुरुस्तीची कामं त्यांना द्यायचं जवळजवळ ठरवलं होतं. भाऊही खुशीत होते. एवढ्या वर्षांनी मनाजोगतं काम मिळणार होतं.

शनिवारी दुपारी ते आले. वहाणा बाहेर काढल्या आणि आत येऊन अनवाणी मिनिटभर नुसते उभे राहिले. "काय झालं?" म्हटलं तर म्हणे, "जिमीन बगतोय." मग म्हणाले, अँटेना बघू, शिडी आणा. मी भर पावसात शेजारच्या बंगल्यातून ती लांबलचक शिडी खांद्यावर घेऊन आलो. वीस मिनिटं लागली. येऊन बघतो तर भाऊ आणि आई टीव्हीच्या कपाटापाशी जमिनीवर बसून गप्पा मारतायत. मला बघून भाऊंनी हातातली वही मिटली. रेल्वेची लाल कापडी पाठ असलेली जुनी वही होती.

"सापडलं?" मी विचारलं.

"घावंल."

"अँटेना?"

"आता शिडी नगं."

माझ्या खांद्यावरून पाणी ठिबकत होतं. मी तशीच शिडी परत नेऊन दिली.

तिथून पुढे तीन आठवडे. रोज संध्याकाळी कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी हजर. एका हातात घड्याळ, मांडीवर वही. फट् झालं की लिहायचे. मी एकदा खांद्यावरून डोकावलो: "सात वाजून बारा मिंटं. मास्तर उठले. फट्. सात वीस. वैनी च्या घिऊन आल्या. फट् फट्." आवाज टीव्हीचा आणि नोंद आमच्या हालचालींची. मी म्हटलं, "भाऊ, तुम्ही टीव्ही तपासताय की आम्हाला?" तर म्हणाले, "दोनी." कधी दुपारीच येऊन जायचे, म्हणे काहीतरी बदलून बघितलं. संध्याकाळी फट् आहेच. "म्हंजे ते न्हाई," असं म्हणून वहीत फुली. मी म्हणायचो, घाई करा हो जरा. "घाई कुनाला हाय?" असं शांतपणे विचारायचे, वर उत्तराची वाट बघत थांबायचे.

एका रविवारी तर कमाल झाली. सिनेमा होता, त्यामुळे आजूबाजूचे वीसेक जण दाटीवाटीनं बसलेले. कोर्टाचा सीन आला. नायिकेवर खुनाचा आळ, आता ती बोलणार, आणि केदारीभाऊ उठले आणि त्यांनी बटण फिरवून पडदा काळा केला. आवाज चालू, चित्र नाही.

"अहो भाऊ," सगळे एकदम म्हणाले.

"चित्र बगाया लागलं की कान झोपत्यात. नुस्तं ऐका. कुनी हालायचं न्हाई."

वीस माणसं काळ्या काचेकडे बघत दगडासारखी बसली. मी शरमेनं अर्धा झालो होतो. तेवढ्यात आतून हसण्याचा आवाज आला. आई कितीतरी दिवसांनी हसली होती. काठी टेकत ती दारात आली आणि म्हणाली, "आता कसं, सगळे माझ्यासारखे झाले."

"या मावशी, बसा," भाऊ म्हणाले. मग शेजारच्या देशमुखकाकूंना म्हणाले, "काकू, तुमी दारापासनं खिडकीपतुर जाऊन या." काकू वजनदार. त्या चालल्या, जमीन हलली, आणि फट्. आई दचकली, पण उठली नाही. मान कलती करून म्हणाली, "हा आवाज टीव्हीच्या पेटीतून नाही येत. पेटीच्या खालून येतो. डावीकडून."

मला वाटलं, सुटलो. मी म्हटलं, "भाऊ, खाली बघा."

आणि पहिल्यांदाच केदारीभाऊ गडबडलेले मी पाहिले. वही खाली पडली, ती उचलत म्हणाले, "खाली काय न्हाई. म्या बगितलंय."

"अहो पण ती सांगतेय—"

"न्हाई मास्तर. तितं काय न्हाई."

आईचा चेहरा उतरला. "कानही गेले वाटतं माझे," ती हळूच म्हणाली.

"न्हाई मावशी. कान तुमचं नामी हायेत. ही पेटीच लबाड हाय," ते म्हणाले. पण आई उठून आत गेली होती.

माझं डोकं फिरलं. तीन आठवडे हा माणूस आम्हाला नाचवतो, आणि ज्या एका माणसाला नीट ऐकू येतं तिला खोटं पाडतो. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी तडक टीव्हीच्या दुकानात गेलो. चार गिऱ्हाइकं उभी असताना दुकानदाराला म्हणालो, "तुमच्या त्या केदारींना यातलं काही कळत नाही. माझ्या आंधळ्या आईला कळतं तेवढंही नाही." मास्तरचा शब्द गावात चालतो. आठवड्याभरात दुकानातलं ते काम पुण्याहून आलेल्या एका तरुणाला मिळालं. भाऊंना रेडिओपुरतंही दुकानात कुणी विचारेना.

आणि मी दुकानात बोललो त्याच संध्याकाळी भाऊ नेहमीच्या वेळी, वहाणा काढून दारात हजर. बाजारात माझं बोलणं त्यांच्या कानावर आलं नसेल असं शक्यच नव्हतं. मला म्हणाले, "मास्तर, आज बॅटरी घिऊन भाईर मीटरपाशी हुबं ऱ्हावा. मी हाक मारीपतुर हालू नका." मी रागारागात तासभर मीटरपाशी उभा. आत ते आणि आई. आई त्यांना चाचपून खिळे देत होती, तिचं बोलणं मला ऐकू येत होतं. मीटरपासून भिंतीच्या कडेनं एक नवी वायर आत गेली. "अर्थिंग," एवढंच म्हणाले.

त्या संध्याकाळपासून आवाज बंद. दोन दिवस गेले, आठ दिवस गेले, देशमुखकाकू मुद्दाम तीनदा चालून गेल्या, फट् नाही. नवव्या दिवशी आई पदर सावरून खुर्चीत येऊन बसली.

मी भाऊंना विचारलं, "दोष काय होता?"

"पेटी नवी हाय. नव्या पेटीला येळ लागतो."

जुनी वायर, नवी पेटी. मी हात जोडले. जाताना ती लाल वही माझ्या हातात देत म्हणाले, "ठिवा. म्होरं कदी लागंल." मी ती न उघडता कपाटावर फेकली. आभार मानले की नाही, आठवत नाही. बहुतेक नसावेत.

त्यानंतर आई चार पावसाळे आमच्याबरोबर बाहेर बसली. सगळी नाटकं तिनं ऐकली. मग एका थंडीत ती गेली. केदारीभाऊ त्याआधीच खोली सोडून पवनानगरला भावाकडे गेले होते.

पुढचा ज्येष्ठ सरत आला तेव्हा सुमन म्हणाली, "दिवे कुणी लावायचे?" मी म्हटलं, मी लावतो. एकेक कपाट उघडत टीव्हीपाशी आलो. टीव्हीच्या लाकडी कपाटाला खाली एक बारकं फडताळ होतं, वरून क्रोशाचा रुमाल आलेला. त्याच्या फटीतून पावसाळाभर उजेडाची रेघ दिसायची. ती मी शंभरदा पाहिली असेल. पण आमच्या घरात पावसाळ्यात सगळ्याच कपाटांच्या फटींतून उजेड दिसतो, त्याच्याकडे कोण बघतो. मी दार उघडलं. डाव्या कोपऱ्यात आईचा दिवा होता. चिनी मातीचा नवा होल्डर, खाली रबराची जाड पट्टी, तारा डाग देऊन पक्क्या केलेल्या. बाजूला एक बटण, त्याला अंधारात बोटांना लागावी म्हणून दोऱ्याची गाठ. तिथून निघालेली वायर कडेनं थेट मीटरकडे गेली होती. टीव्हीच्या वायरशी तिचा काही संबंध ठेवला नव्हता.

मी स्टुलावर चढून कपाटावरची वही काढली. पहिलं पान, शनिवार दुपार, मी शिडी आणायला गेलो होतो तेव्हाचं.

"कारन घावलं. पेटीखाली मावशींचा दिवा. होल्डर सैल. मानूस चाललं की ठिनगी. मावशी म्हनल्या, हात भाजंल, माजा दिवा हाय, येवढं येकच काम ऱ्हायलंय माज्याकडं. कुनाला सांगू नये, मावशींनाबी न्हाई. दिवा काढू नये. आवाज थांबवावा."

पुढच्या पानांवर काय काय करून पाहिलं ते. स्प्रिंग बदलली, फुली. दोरीनं बांधला, फुली. कंडेन्सर लावला, कमी झाला, थांबला नाही, फुली. रविवारच्या पानावर: "मावशींनी जागा वळखली. न्हाई म्हनलो. वंगाळ वाटलं." आणि सोमवारी, मी दुकानातून आलो त्या दिवशी, एवढंच: "मास्तर लय रागात. आज संपवावं."

मी स्टुलावरच बसलो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी मला सांगितलं असतं तर मी काय केलं असतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी तो दिवा उपटून काढला असता, आणि आईला चार शब्द सुनावले असते.

दुसऱ्या रविवारी पवनानगरला गेलो. केदारीभाऊ भावाच्या ओसरीवर बसले होते. आणखी वाळलेले, पण घड्याळ खिशात होतं. चहा आला, त्यावर साय धरली. मी वही पुढे ठेवली. त्यांनी ती उघडली नाही.

"मावशी?"

"गेली. थंडीत."

त्यांनी चहावरची साय बोटानं बाजूला सारली. मग विचारलं, "आनि दिवा?"

"चालू आहे. मी लावतो."

"स्प्रिंग बगत जावा. दोन पावसाळं टिकती, मग ढिली पडती."

"भाऊ, मी त्या दिवशी दुकानात जे बोललो ना—"

"तुमची गाडी यील आता," ते म्हणाले आणि उठले. मला माफीसुद्धा धड मागू दिली नाही. स्टँडपर्यंत मी तीनदा विषय काढला, तिन्ही वेळा त्यांनी धरणातल्या पाण्याचं सांगितलं.

गाडी आली. मी चढलो, खिडकीशी बसलो. ड्रायव्हरनं इंजिन चालू केलं तशी भाऊंनी मान कलती केली, आणि हात वर करून गाडी थांबवली. वहाणा काढल्या. अनवाणी गाडीपुढे जाऊन डोळे मिटून उभे राहिले. मिनिट गेलं, दोन गेली. मागून लोक ओरडायला लागले, कंडक्टर घंटी मारायला लागला. माझ्या शेजारचा माणूस म्हणाला, "ह्या म्हाताऱ्याला कुणीतरी बाजूला काढा, वैताग आहे नुसता."

"थांबा जरा," मी म्हणालो. "त्यांना ऐकू द्या."

भाऊ ड्रायव्हरच्या दाराशी गेले. आत हात घालून काहीतरी हलकेच बाहेर काढलं, ते ड्रायव्हरच्या मांडीवर ठेवलं आणि त्याच्या कानाशी दोन शब्द बोलले. ड्रायव्हरचा जेवणाचा डबा होता, गिअरच्या दांडीला लावून ठेवलेला; तोच खडखडत होता. पुढच्या बाकावर असल्यामुळे मला तेवढं दिसलं. मागे कुणाला काही दिसलं नाही.

"काय झालंय, काय झालंय?" मागून सगळे विचारत होते.

केदारीभाऊंनी वहाणा पायात घातल्या. मोठ्यानं म्हणाले, "गाडी जुनी हाय. तिचा दोष."